अकरा वर्षं न उच्चारलेलं नाव

फुमिए-सानना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या जमिनीवर पालथ्या पडलेल्या होत्या. इथे न्यूझीलंडमध्ये, सँडरिंगहॅमच्या कम्युनिटी हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या तालमी चालायच्या आणि किल्ली माझ्याकडे असायची. त्या दिवशी मी गेलो तर दार आधीच उघडं, आणि लाकडी जमिनीच्या मधोमध एक किडकिडीत बाई गाल फळीला टेकवून, डोळे मिटून निपचित. मी फोन काढून इथला आणीबाणीचा नंबर, वन वन वन, लावला. फायर, अॅम्ब्युलन्स की पोलीस, असं पलीकडून विचारलं जात असतानाच त्या बाईंनी एक बोट वर केलं. थांबा, अशा अर्थाचं. मग सावकाश उठून बसल्या, कमरेत वाकल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या की माफ करा, जमीन ऐकत होते. या कोपऱ्यातल्या तीन फळ्या थकल्या आहेत, मुलांना इथे उड्या मारू देऊ नका. फोनवरच्या माणसाला हे कसं सांगायचं ते मला सुचेना. सॉरी म्हणून मी फोन ठेवला.

पुढच्याच रविवारी त्यातली एक फळी आमच्या लेझीम पथकाखाली खचली आणि मंडळातल्या देशपांडेकाकांचा पाय घोट्यापर्यंत आत गेला.

मला धक्का बसायला फारसं काही लागत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. दुधाचा भाव वाढला तरी मी दिवसभर तोच विषय काढतो, असं अनुजा, म्हणजे माझी बायको, चारचौघांत सांगते. पण फुमिए-सानच्या चार वर्षांच्या ओळखीत मला जे धक्के बसले ते तसले नव्हते. त्यातला शेवटचा अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

त्यांचं नाव फुमिए ओगावा; 'सान' म्हणजे जपानीतलं 'जी'. वय पन्नाशीच्या आसपास. हॉलमध्ये आमच्या आधीचा तास त्यांचा असायचा. जपानचं जुनं, पारंपरिक नृत्य त्या पाच-सहा मुलींना शिकवत. पोटासाठी माउंट वेलिंग्टनच्या मॉलमध्ये एका कपडे अल्टर करायच्या दुकानात बसत. माझं ऑफिस तिथून पाच मिनिटांवर. एकदा मी पँट आखूड करायला नेली, तर त्यांनी दोन्ही पायांच्या शिवणी बघितल्या आणि विचारलं, तुम्हाला लोकांसमोर बोलायला फार आवडतं का? मी चाट पडलो. त्यांनी समजावलं की उजव्या पायाची कड जास्त झिजली आहे, म्हणजे तुम्ही उजव्या पायावर भार टाकून खूप वेळ उभे राहता, आणि डावा पाय हलवत राहता. तो पाय हलवणारी माणसं बहुतेक भाषण करत असतात. गेली नऊ वर्षं मंडळाचं सूत्रसंचालन माझ्याकडे आहे, हे त्यांना कुणीही सांगितलेलं नव्हतं.

कुठेही जायचं असलं तरी त्या चाळीस मिनिटं आधी पोचायच्या आणि आपल्या जुन्या गाडीत बसून राहायच्या. आमच्याकडे जेवायला बोलावलं की अनुजा पडद्याआडून बघायची. गाडी समोर उभी, आत फुमिए-सान ताठ बसलेल्या. एकदा तिनं न राहवून जाऊन काच ठोठावली, तर त्या इतक्या ओशाळल्या की पुढच्या वेळी गाडी त्यांनी कोपऱ्यावरच्या डेअरीसमोर, इथल्या वाण्याच्या दुकानासमोर, लावली, म्हणजे आम्हाला दिसणार नाही. सात वाजले की बरोब्बर बेल वाजे.

'नाही' हा शब्द त्यांच्याकडे नव्हता. नको असलेली गोष्ट कुणी सुचवली की त्या दातांतून श्वास आत ओढत आणि म्हणत, "थोडं कठीण आहे." देशपांडेकाकांना वाटायचं, थोडंच कठीण आहे ना, मग होईल. ते आणखी आग्रह करायचे. ढोलपथकात त्यांनी किमोनो घालून पुढे चालावं यासाठी काकांनी दोन महिने पिच्छा पुरवला. शेवटी मीच त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की काका, थोडं कठीण म्हणजे मेलं तरी जमणार नाही.

आमच्या रेवाला त्यांच्या क्लासला घातलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती. चार महिने झाले तरी बाईसाहेब फक्त बसत होत्या आणि उठत होत्या. गुडघे टेकून बसायचं, उठायचं, पुन्हा बसायचं. मी तावातावानं बोलायला गेलो की अहो, इतक्या दिवसांत एक तरी नाच शिकवा, आजी-आजोबांना व्हिडिओ पाठवायचा आहे. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकलं आणि मला बसून उठायला सांगितलं. हात न टेकता, पाठ न वाकवता, आवाज न करता. मी बसलो तो धप्पकन, आणि उठताना शेजारची खुर्ची धरली ती तिच्यासकट आडवा झालो. सगळ्या मुली खिदळल्या. "बाबा, टोल्ड यू," रेवा म्हणाली, "इट्स हीप्स हार्ड." हीप्स म्हणजे इथल्या मुलांच्या भाषेत भयंकर. फुमिए-सान मात्र हसल्या नाहीत. त्या मला म्हणाल्या की मला स्वतःला दोन वर्षं लागली होती, मी सहा वर्षांची होते.

न्यूझीलंडमध्ये येऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती. पैकी पहिली सात टौरंगाच्या एका पॅकहाउसमध्ये, किवीफळं निवडण्यात गेली. पट्ट्यावरून फळं येत राहायची आणि दोन्ही बाजूंना बायका, टोंगाच्या, पंजाबच्या, इथल्या, उभ्या राहून वाईट फळ बाजूला काढायच्या. फुमिए-सान त्यांचे हात बघत. घरी जाऊन ते हात करून बघत. सात वर्षांत त्यातून त्यांनी एक नाच बसवला. एकदा दुपारी मॉलच्या फूड कोर्टात त्यांनी मला त्यातला तुकडा बसल्या बसल्या दाखवला. उचललं, फिरवलं, अंगठ्यानं दाबून पाहिलं, आणि बाजूला टाकलं. हातात काही नव्हतं, तरी मला फळाचं वजन दिसलं. शेजारच्या टेबलावरचा माणूस बर्गर हातात धरून बघत राहिला. मी विचारलं, हे जपानी आहे की इथलं? त्या म्हणाल्या, यातली प्रत्येक हालचाल मला लहानपणी शिकवलेली आहे, नवीन आहे ते फक्त फळ.

मग तो गणेशोत्सव आला. अनुजा जात्यावरच्या ओव्या म्हणते, तिच्या आजीकडून आलेल्या. त्या ओव्या एकदा फुमिए-सानच्या कानावर पडल्या आणि त्यांनी आपण होऊन विचारलं की यावर माझा पॅकहाउसचा नाच करून बघू का? दळणाऱ्या बाईचा हात आणि फळ निवडणारीचा हात एकाच लयीत चालतात, असं त्यांचं म्हणणं. दोघींनी दोन महिने तालीम केली.

सूत्रसंचालक या नात्यानं मी त्यांच्याकडे परिचय मागितला. त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं: फुमिए ओगावा, नृत्य. बस्स. मला हे काही पटेना. आपल्याकडे कलाकार मंचावर आला की आधी गुरूंचं नाव, मग घराणं, मग बाकीचं. गुरूंचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावणारी माणसं आपण. इतक्या मोठ्या कलावतीची ओळख दोन शब्दांत उरकायची म्हणजे तिचा अपमानच. मी घरी येऊन कॉम्प्युटर उघडला, जपानी पानं भाषांतर करत करत शोधलं आणि एका जुन्या कार्यक्रमाच्या पानावर त्या सापडल्या. बाविशीतला फोटो, तीच ताठ मान. खाली मात्र निराळंच नाव, आणि शेजारी गुरूंचं. आणखी वाचल्यावर कळलं की त्यांच्या नृत्यात घराणी असतात, शिष्य पुरेसा तयार झाला की घराणं त्याला स्वतःचं नाव देतं, आणि त्या नावात गुरूच्या नावातलं एक अक्षर असतं. खजिना सापडल्यासारखा मला आनंद झाला. त्यांना अचानक सुखद धक्का द्यायचा म्हणून मी कुणालाच काही बोललो नाही.

ते नाव मी इथे लिहीत नाही. एकदा उच्चारलं तेवढं पुरे झालं.

माइक हातात आल्यावर मी तीन मिनिटं बोललो. गुरूंचं नाव घेतलं, कानाला हात लावला, घराणं सांगितलं, आणि शेवटी आवाज चढवून त्यांचं ते नाव घेतलं. टाळ्या पडल्या. मी विंगेकडे पाहिलं. फुमिए-सानच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. मग त्या मंचावर आल्या आणि नाचल्या. बारा मिनिटं हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. नाच संपल्यावर देशपांडेकाकू पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या.

नंतर फुमिए-सान माझ्यासमोर वाकल्या, आभार मानले, आणि व्हिडिओ काढला का असं विचारलं. मी अभिमानानं सांगितलं की काढला, आणि मंडळाच्या पेजवर चढवलासुद्धा, तुमच्या पूर्ण नावासकट, जपानी अक्षरांत. त्यांनी दातांतून श्वास आत ओढला. "थोडं कठीण आहे," त्या म्हणाल्या. देशपांडेकाकांना त्या तीन शब्दांचा अर्थ समजावून सांगणारा मी, मला वाटलं त्या संकोचानं बोलताहेत.

तीन आठवड्यांनी मी दुकानात गेलो तेव्हा त्या कुणाच्या तरी शाळेच्या स्कर्टची कड उसवत होत्या. उसवता उसवताच त्यांनी सांगितलं की जपानहून पत्र आलं आहे. घराण्याचं नाव घेऊन नाचायचं तर नाच जसाच्या तसा करायचा असतो. बोटभरही बदल चालत नाही, आणि परवानगीशिवाय शिकवणं तर नाहीच. म्हणून इथे आल्या दिवसापासून त्यांनी ते नाव मिटून ठेवलं होतं. ओगावा म्हणून नाचल्या, ओगावा म्हणून शिकवलं. दरवर्षी आपले व्हिडिओ त्या गुरूंना पाठवत. त्यांच्या सेन्सेइ, म्हणजे त्या गुरू, चौऱ्याऐंशी वर्षांच्या, समुद्राकाठच्या एका लहान गावात मुलांना शिकवणाऱ्या. त्या उत्तरात फक्त हवापाण्याचं लिहीत. सेन्सेइंना सगळं ठाऊक होतं, पण नाव घेतलं गेलं नव्हतं, तोवर त्यांना काही दिसायची गरज नव्हती. आता आमचा व्हिडिओ कुणीतरी घराण्याच्या प्रमुखांपुढे ठेवला होता. पत्रात दोनच वाटा होत्या. एक तर जपानला येऊन सेन्सेइंच्या शेजारी बसून माफी मागायची, पॅकहाउसचा नाच आणि शिकवणं कायमचं सोडायचं. नाहीतर नाव परत करायचं.

आणि नेमकं त्याच महिन्यात शहरातल्या एका थिएटरनं त्यांना त्या नाचासाठी तीन संध्याकाळी दिल्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पोस्टरं छापून झाली होती, एक त्यांच्याच दुकानाच्या काचेवर होतं.

व्हिडिओ मी तिथल्या तिथे काढून टाकला. घरी येऊन घराण्याच्या प्रमुखांना चार पानी ईमेल लिहिली. सगळा दोष माझा, बाईंना काही कल्पना नव्हती, आमच्या संस्कृतीत गुरूंचं नाव घेणं हा आदर असतो, वगैरे वगैरे. पाठवण्याआधी छापून फुमिए-सानना दाखवायला नेली. त्यांनी चारही पानं वाचली, घडी केली आणि माझ्या हातात परत दिली. मी हट्टाला पेटलो. म्हटलं, तुम्ही मला दोन थोबाडीत मारा, पण हे जाऊ द्या.

त्यांनी शिलाई मशिनचा दिवा बंद केला.

"ते नाव अकरा वर्षांत कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही घेतलंत, आणि मला आवडलं. मला थांबता आलं असतं. हे नाव माझं नाही, असं मंचावर येऊन सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. मला त्या नावानं नाचायचं होतं, एकदा तरी, माझा स्वतःचा नाच. तुमच्या पत्रात हे नाहीये."

मी पत्राची घडी खिशात घातली. त्यांनी मला माफ केलं असतं तर मला रडता तरी आलं असतं. त्यांनी माझी चूकच माझ्याकडून काढून घेतली.

आठ दिवसांनी त्यांनी मला पोस्टात सोडायला सांगितलं. मांडीवर एक चपटं खोकं होतं. आत नावाची लाकडी पाटी, त्यांना बाविसाव्या वर्षी मिळालेली. ती आधी सेन्सेइंकडे जाणार, मग सेन्सेइ घराण्याच्या यादीतून नाव खोडणार आणि पाटी पुढे प्रमुखांकडे पाठवणार, अशी पद्धत. काउंटरवरच्या तरुणीनं नेहमीप्रमाणे किया ओरा, म्हणजे इथला माओरी नमस्कार, म्हणून विचारलं की आत बॅटरी, परफ्यूम, काही धोकादायक आहे का? फुमिए-सानना कुठलाही प्रश्न वरवर घेता येत नसे. त्यांनी विचार केला. मागची रांग चुळबुळायला लागली. "तुमच्यासाठी नाही," त्या म्हणाल्या. मुलगी हसून स्वीट ॲज, म्हणजे झकास, असं म्हणाली आणि तिनं शिक्का मारला. गाडीत आल्यावर त्यांनी हात मांडीवर खोकं होतं तिथेच ठेवले होते. मी पार्किंगमधून गाडी काढताना दोनदा चुकलो.

घराणं गेलं म्हणजे आणखी एक गोष्ट गेली, ती मला नंतर कळली. सहाव्या वर्षापासून शिकलेले घराण्याचे जुने नाच आता त्यांना करायची मुभा नव्हती. पूर्वी ते बदलायला बंदी होती, आता न बदलता करायला.

थिएटरची पहिली संध्याकाळ उत्तम झाली. अनुजा मंचाच्या एका बाजूला बसून ओव्या म्हणत होती, रेवा कपड्यांच्या मदतीला आत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सेन्सेइंचं पत्र आलं. फुमिए-साननी ते आमच्या स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं, मग अनुजाला इंग्रजीत सांगितलं. चारच ओळी होत्या. तुझं नाव माझ्या हातानं खोडायला सांगितलं गेलं, हात तयार झाला नाही. तुझी पाटी एकटी जायला नको, म्हणून माझीही त्याच खोक्यात घातली. इकडे थंडी पडायला लागली आहे.

चौऱ्याऐंशी वर्षांची बाई. साठ वर्षांहून जास्त काळ घराण्याचं नाव तिच्या अंगावर होतं. आता तिच्या क्लासला नाव नाही म्हणजे मुलं येणार नाहीत, गावात कुणी सेन्सेइ म्हणणार नाही. माझ्या तीन मिनिटांनी दोन पाट्या उतरवल्या होत्या. मला वाटलं, आता उरलेले दोन प्रयोग रद्द होणार. फुमिए-साननी चहा प्यायला, कप विसळून ठेवला आणि अनुजाला म्हणाल्या की काल तिसऱ्या ओवीला लय थोडी पळत होती.

त्या प्रयोगांनंतर दोनच दिवसांनी त्या जपानला सेन्सेइंकडे राहायला गेल्या. त्या अजून तिथेच आहेत. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिसऱ्या संध्याकाळी.

त्या दिवशी त्यांनी मला आपला फोन दिला. साडेसातला इथे पडदा वर जातो तेव्हा तिकडे दुपारचे साडेतीन. सेन्सेइंना व्हिडिओ कॉलवर प्रयोग बघायचा होता. अनुजा मंचावर, रेवा आत, मोकळा असा मी एकटाच. हे काम माझ्यावर सोपवताहेत याचाच मला धक्का बसला. त्यांची अट एकच होती. "काही बोलू नका," त्या म्हणाल्या.

मी पहिल्या रांगेत दोन्ही हातांनी फोन धरून बसलो. फोनच्या पडद्यावर राखाडी स्वेटरमधली एक इवलीशी बाई ताठ बसली होती. पॅकहाउसचा नाच चालला असताना ती हललीसुद्धा नाही. नाच संपला, ओव्या थांबल्या, लोक टाळ्यांसाठी हात उचलणार, तेवढ्यात फुमिए-सान पुन्हा मधोमध येऊन बसल्या आणि उठल्या. अनुजा गोंधळून माझ्याकडे बघायला लागली, हे तालमीत नव्हतं. गाणं नाही, वाद्य नाही. त्यांनी जुना नाच सुरू केला होता, घराण्याचा, जसाच्या तसा, जो करायची आता त्यांना परवानगी नव्हती. फोनमधली बाई पुढे झुकली, इतकी की पडद्यावर फक्त कपाळ आणि एक डोळा उरला. तो डोळा भरलेला होता. आणि मग ती बोलली. एकच शब्द, मग थोड्या वेळानं पुन्हा तोच.

प्रयोग संपल्यावर आतल्या बोळात हीऽ गर्दी. फुलं घेऊन आलेली माणसं, थिएटरचे व्यवस्थापक, आमचं अर्धं मंडळ. कॉल तोवर तुटला होता. फुमिए-सान गर्दीतून सरळ माझ्याकडे आल्या आणि सेन्सेइ काही म्हणाल्या का, असं विचारलं. त्या रडल्या, हे सांगायला जीभ शिवशिवत होती. त्यांना अभिमान वाटला असणार, हेही मी माझ्या पदरचं घातलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा मी ऐकलं तेवढंच सांगितलं.

"हिजी," मी म्हणालो. "दोनदा."

त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला तो बघवेना. हिजी म्हणजे कोपर, त्यांनी रेवाला सांगितलं. माझं डावं कोपर खाली पडतं, सहाव्या वर्षापासून पडतं आणि सहाव्या वर्षापासून सेन्सेइ टोकतात. हातातली फुलं त्यांनी रेवाकडे दिली, आम्हाला थोडं मागे सरकायला सांगितलं, आणि त्या अरुंद बोळात, ट्यूबलाइटखाली, डावं कोपर दोन बोटं वर घेऊन जुन्या नाचाचा तो तुकडा पहिल्यापासून सुरू केला. व्यवस्थापक किल्ल्या हातात धरून थांबले. आम्ही सगळे भिंतीला चिकटून उभे राहिलो, कारण त्यांना जागा हवी होती.